बाळंतपणानंतर कंबर धरते, पोटात जोर नाही: सुरुवात कुठून करू?

जुई
पहिलंच बाळंतपण, नॉर्मल झालं. बाळ पाच महिन्यांचं आहे. त्याला खालून उचललं की कमरेत खाली कळ येते. बराच वेळ बसून पाजलं की कंबर धरूनच उठावं लागतं. अंथरुणातून सरळ उठताना बेंबीच्या वर मधोमध उंचवटा दिसतो, आणि शिंक आली की कधीकधी थेंबभर लघवी होते. कळांच्या वेळी एपिड्यूरल (वेदना कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) घेतलं होतं, त्या इंजेक्शननेच पाठ गेली असं घरातले सगळे म्हणतात. मैत्रीण म्हणते क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलणं) आणि प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं) कर, पोट आत जाईल. पोट कसं दिसतं याचं मला फारसं नाही, बाळाला न घाबरता उचलता यायला हवं. व्यायाम, बेल्ट, डॉक्टर, आधी काय करू?

रानफूल
जुई, लघवीचं लिहिलंस ते फार बरं केलंस. कंबरदुखी आपण सांगतो आणि हे गिळून टाकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखव आणि पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंचं, काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोध. पहिल्याच भेटीत दोन्ही तक्रारी सांग.

मध्यमा
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण काही गोष्टी नक्की सांगू शकते.

आधी एपिड्यूरल. सुई टोचली तिथे काही दिवस दुखू शकतं. पण ते घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झाली आहे, आणि दीर्घकाळच्या पाठदुखीत फरक दिसलेला नाही. हे ठासून सांगते, कारण दोष इंजेक्शनवर गेला की ‘आता हे जन्माचं’ असं वाटतं आणि बाई व्यायामाच्या वाटेला जातच नाही.

आता पोटातला जोर. तो कोअरचा, म्हणजे धडाला आधार देणाऱ्या स्नायूंचा, आणि कोअर म्हणजे नुसतं पोट नव्हे. वर श्वासपटल, खाली पेल्विक फ्लोअर, पुढून कमरेला वेढणारा पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, मागे मणक्यालगतचे मल्टिफिडस स्नायू. ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हा आडवा स्नायू हाताच्याही आधी आवळतो. कंबरदुखीच्या रुग्णांत त्याला उशीर होतो. बाळंतपणात पोटाची भिंत ताणली जाते, पेल्विक फ्लोअरवरही ताण येतो. म्हणून ताकदीच्या आधी या स्नायूंचा मेळ बसवायचा.

पाठीवर झोप, गुडघे वाकव. श्वास घेताना बरगड्या बाजूंना फुलू देत. सोडताना लघवी आणि वारा दोन्ही रोखल्यासारखं आतून वर ओढ. बेंबीखालचं पोट आपोआप हलकंसं आत जाईल. पुढचा श्वास घेताना पूर्ण सैल सोड. हे सैल सोडणं बहुतेक जणी विसरतात, आणि सतत आवळलेला स्नायूही दुखतो. हे जमलं की त्याच श्वासावर एक टाच सरकवून पाय लांब कर. मग ब्रिज, म्हणजे त्याच स्थितीत कंबर वर उचलणं, मग रांगत्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध पाय उचलणं. मधोमध उंचवटा आला किंवा लघवी सुटली तर तो व्यायाम तुला अजून जड आहे, एक पायरी मागे ये. क्रंचेस, प्लँक कायमचे वर्ज्य नाहीत, आत्ता घाई होईल. आणि प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नकोस.

हाच श्वास बाळाला उचलताना वापर. त्याला छातीशी घे, श्वास सोडत ऊठ. अंथरुणातून मात्र कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊनच उठायचं.

जुई
ताई, मनापासून आभार. झोपून डोकं थोडं उचललं आणि बेंबीपाशी बोटं ठेवून पाहिलं. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंच्या मधे तीन बोटं मावतात. ही फट मिटेल का? बेल्टने जवळ येते का?

मध्यमा
नॉर्वेतल्या ३०० पहिलटकरणींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी सुमारे ६० टक्के जणींत दोन बोटं किंवा जास्त फट होती, सहा महिन्यांनी ४५ टक्के, वर्षाने ३३ टक्के. म्हणजे तू एकटी नाहीस, आणि वेळही गेलेली नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर्षानंतर फट असलेल्या बायकांची कंबर इतरांपेक्षा जास्त दुखत नव्हती. म्हणून रोज बोटं मोजू नकोस. श्वास सोडून आवळल्यावर बोटांखाली ताण जाणवतो का, ते बघ. तिथे दुखरी गाठ लागली तर मात्र हर्निया नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घे.

बेल्ट सुरुवातीच्या आठवड्यांत चालताना आधार देतो, ताकद देत नाही. करकचून बांधला तर दाब खाली पेल्विक फ्लोअरवर जातो, आणि तुला तेच नको आहे.

निरभ्र
बाबा म्हणून एक सांगतो. आमच्याकडे उंची बदलल्याने खूप फरक पडला. डायपर कमरेइतक्या उंच टेबलावर बदलायचं, पाजताना पाठीला टेकू आणि बाळाखाली उशी, म्हणजे आईने बाळाकडे वाकायचं नाही, बाळ वर येतं. रात्री बाळाला उचलून तिच्या हातात द्यायचं काम माझं होतं. जुई, घरात हे स्पष्ट मागून घे.

कस्तुरी
सिझेरियनवाल्यांसाठी: श्वासाचा भाग लवकर सुरू होतो, पण ब्रिज वगैरे डॉक्टरांनी जखम बघून हो म्हटल्यावरच. खोकताना टाक्यांवर उशी धरा, खूप बरं वाटतं.

रानफूल
मध्यमाताई, एमआरआय आधीच करून घ्यावा का?

मध्यमा
सरसकट नको, बहुतेक वेळा तपासणी पुरते. पण बसायच्या जागी किंवा मांड्यांच्या आत बधिरपणा, लघवी तुंबणं, शौचावर ताबा न राहणं, पायातली ताकद कमी होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुखण्यासोबत ताप असेल तरी थांबू नका. पायावर भार टाकताच असह्य कळ येत असेल, किंवा पाठीत अचानक जोराची कळ येऊन ती कमीच होत नसेल, तर हाडं तपासून घ्या. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना काही जणींची हाडं ठिसूळ होतात. अशी शंका असेल तोवर व्यायाम बंद.