जाळीची चिनी बरणी सापडली, पण हिच्यात ठेवायचे काय?

बाळीवेसकर:
आमचं जुनं घर रिकामं करालोय, माळ्यावर सोलापुरी चादरीत गुंडाळलेली एक बरणी निघाली. चिनी मातीचीच, पण लोणच्याच्या पिवळ्या-पांढऱ्या बरणीसारखी नाही, अंगभर जाळी, फुलं-पानं कोरलेली, मोरपिशी, जांभळा, थोडा पिवळा रंग. आजी तिच्यात बटणं ठेवायची म्हणे. भोकाभोकाची बरणी बनवून उपयोग काय? जुनी असेल का?

मातीवेडा:
टॉर्च लावून आत बघ. अशा बरण्यांना बऱ्याचदा दोन भिंती असतात, आतली सलग आणि बाहेरची जाळीची, म्हणजे भोकं असूनही आतलं सांडत नाही. तू सांगतोस ते रंग फाहुआ नावाच्या चिनी रंगकामातले वाटतायत. मेंदीच्या कोनातून काढतात तशी पातळ मातीची उंच रेघ काढायची आणि तिच्या आत रंग भरायचा, रेघेमुळे शेजारचे रंग एकमेकांत उतरत नाहीत. मोरपिशी तांब्यामुळे, जांभळा मँगनीजमुळे, गडद निळा कोबाल्टमुळे. चीनच्या शान्सी प्रांताकडं साध्या मातीवर हे काम व्हायचं, मिंग घराण्याच्या काळात (1368 ते 1644) जिंगदेझेन या चिनी भांड्यांच्या गावाला पोर्सिलेनवर, म्हणजे पांढऱ्या कडक चिनी मातीवर पण केलं, आधी कोरी बरणी कडक भाजायची, मग रंग लावून कमी आचेवर परत भट्टीत.
पण लगेच मिंग मिंग करत नाचू नको, नकला रग्गड आहेत. भोकांच्या कडा बघ, हाताने कापलेल्या असतील तर दोन भोकं सारखी नसतात, साच्यातली असेल तर कडा गोलसर आणि बाजूला उभी शिवण दिसते.

नवीपेठवाली:
आणि चिंच लावून घासू नका हो! जुने रंग आंबटाने जातात, काहींत शिसं पण असतं, त्यामुळे लोणचं-बिणचं अजिबात नको. मऊ ब्रशने धूळ झाडा फक्त.

बाळीवेसकर:
बघितलं. आत दुसरी भिंत हाय! पण शिवण पण हाय, कानापासून खालपर्यंत सरळ, बोटाला लागते, आणि सगळी भोकं डिट्टो. म्हणजे मिंग गेलं गड्ड्याच्या जत्रेला 😄 तळाशी एक बटण अडकलंय, आई म्हणते माझ्या लहानपणीच्या स्वेटरचं. काढू कसं, बरणी उलटी केली तरी पडंना.

मातीवेडा:
चिमटा घालू नको, रंग उडेल. काडीला मेण लाव.