तारापूरचं स्थळ

सुमनमावशी: नेहासाठी आलेलं स्थळ बघितलंत ना सगळ्यांनी? मुलगा तारापूरच्या अणुवीज केंद्रात इंजिनिअर. पत्रिका जुळतेय. पण आमच्या वन्सं म्हणाल्या, तिथल्या लोकांना मुलं धड होत नाहीत. माझी झोपच उडालीय.

विलासमामा: हिरोशिमात अजून अपंग मुलं जन्मतात. फॉरवर्ड आलाय, टाकतो थांब.

अनघा: मामा, नका टाकू. आईबापाला किरणोत्सर्ग लागला तर पुढच्या मुलांना त्रास होतो का, याचा सगळ्यात मोठा अभ्यास हिरोशिमा-नागासाकीतच तर झाला. तेव्हा जपानात रेशन होतं. गरोदर बाईने पाच महिने झाले की नाव नोंदवायचं आणि जादा रेशन घ्यायचं. त्यामुळे जवळपास प्रत्येक बाळंतपणाची खबर आधीच मिळायची, आणि सुईणीने कळवलं की डॉक्टर घरी जाऊन बाळ तपासायचे. 1948 ते 1954 मध्ये अशी सुमारे 77 हजार बाळं पाहिली. बॉम्बमध्ये सापडलेल्या आईबापांच्या मुलांत व्यंगं किंवा मृतजन्म वाढले असं म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. त्या पिढीवर अजून लक्ष आहे, कॅन्सरही वाढल्याचं दिसलेलं नाही.

विलासमामा: मग फोटोतली मुलं काय खोटी?

अनघा: खोटी नाहीत. बॉम्ब पडला तेव्हा जी पोटात होती त्यांची गोष्ट वेगळी. विशेषतः गर्भ 8 ते 15 आठवड्यांचा असताना फटका बसला त्यांच्यात डोकं लहान राहणं, बुद्धीची वाढ खुंटणं हे झालं. पण ते किरण खुद्द त्या बाळांनाच लागले होते. आईबापाला आधी लागले आणि पुढे मुलात उतरले, असं ते नाही.

रोहन: ताई, सापडलं नाही म्हणजे नाहीच असं कसं? मुलर या शास्त्रज्ञाने 1927 मध्ये क्ष-किरणांनी फळमाश्यांत म्युटेशन, म्हणजे जनुकांतले बदल, घडवून दाखवली, त्यावर नोबेल मिळालं. उंदरांतही दिसलंय.

अनघा: बरोबर, म्हणूनच कुणी ‘शून्य’ म्हणत नाही. पण उंदरांना डोस जबरदस्त दिले होते. माणसांत तसंही शंभरातल्या दोन-तीन बाळांना काहीतरी मोठं व्यंग असतंच, त्या गर्दीत छोटी वाढ दिसत नाही. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटाचं बघ. साफसफाईला गेलेले कामगार आणि शेजारच्या प्रिप्यात गावातून हलवलेली माणसं, त्यांच्या 130 मुलांचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा, वाचला. 2021 मध्ये निकाल आला. प्रत्येक बाळात आईबापात नसलेले 50 ते 100 नवे बदल असतातच, त्यापेक्षा जास्त निघाले नाहीत. फरक पडत होता तो बापाच्या वयाने! सुमनमावशी, मुलगा किती वर्षांचा?

सुमनमावशी: चौतीस 🙈

मीनाकाकू: पण आमच्या सचिनला थायरॉइडला ते किरणोत्सर्गी आयोडीन दिलं तेव्हा डॉक्टरांनी काही महिने मूल नको म्हणून बजावलं होतं.

अनघा: हो काकू, ते पाळायचंच. औषध काही काळ शरीरात असतं आणि शुक्राणू नव्याने तयार व्हायला अडीचएक महिने लागतात. म्हणून थोडं थांबायचं, मग हरकत नाही.

विलासमामा: माझे यंदा दोन सीटी स्कॅन झाले त्याचं काय?

अनघा: मामा, तुम्ही एकाहत्तरचे. अजून मुलं हवीत का? 😄

सुमनमावशी: चेष्टा पुरे. तिथे काम करणाऱ्याला किती लागतं ते सांग.

अनघा: छातीला किरण मोजणारा बिल्ला लावून आत जायचं, तो ठरावीक मुदतीने तपासतात. मीही रेडिओथेरपी विभागात काम करताना तोच लावते. मर्यादा पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेले किरण मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षी 30 च्या वर नाही. पोटाचा एक सीटी साधारण 8-10. एवढंच वाटत असेल तर मुलालाच विचार ना, त्याला स्वतःचा आकडा माहीत असतो. आणि जपानात काय झालं ठाऊक आहे? बॉम्बमधून वाचलेल्या मुलींची स्थळं याच भीतीने फिरली. कित्येकांनी आपण तिथे होतो हेच लपवलं.

नेहा: मी या ग्रुपवर आहे हे कुणाच्या लक्षात आहे का? 😐 आकडा विचारायला मला लाज नाही. पण माझी नोकरी पुण्यात, तो बोईसरच्या कॉलनीत. त्यावर कुणी बोलणार आहे का?

सुमनमावशी: अगं बदली होते का विचारू की शनिवारी.

रोहन: पुण्यात अणुभट्टी नाहीये मावशी.