बर्फ वितळतंय हे सांगायला शिखरावर जायलाच हवं का?

पायवाट: एका गिर्यारोहक बाईंचं मदतीचं आवाहन वाचलं. हवामानबदलाबद्दल जागृती व्हावी म्हणून त्यांना एका उंच शिखरावर जायचंय, प्रायोजक हवेत. हिमतीला दाद आहेच. पण विमानं, हेलिकॉप्टर, जनरेटरवर चालणारा बेस कॅम्प, हा सगळा धूरच की! माथ्यावर फलक धरलेल्या फोटोने नेमकी कुणाला जाग येणार? मी देणार नाही. तुम्ही द्याल?

दोरखंड: देईन. पुरुष मंडळी इतकी वर्षं कंपन्यांचे झेंडे वर नेताहेत, तेव्हा कुणी धुराचा हिशेब मागितला नाही. बाईने मदत मागितली की सगळे एकदम ऑडिटर!

पायवाट: बाई-बुवा मध्ये आणू नका. बुवांनाही हेच विचारीन.

दोरखंड: विचारलं होतंत कधी?

सुटा_धोंडा: फलकाबद्दल पायवाट यांच्याशी सहमत, पुढचं नाही पटत. डोंगरात जाणाऱ्याला हा बदल पायाखाली कळतो. जुन्या वर्णनात जिथे घट्ट बर्फाचा उतार आहे तिथे आता नुसती घसरडी खडी. भेगांमधलं बारमाही गोठलेलं पाणी खडक सांधून ठेवतं, ते सुटलं की दगड बरसायला लागतात. 3 जुलै 2022 ला इटलीतल्या मार्मोलादावर हिमनदीचा अख्खा तुकडा कोसळून 11 जण गेले. आदल्या दिवशी माथ्यावर 10 अंश तापमान होतं! हे तिथे वावरलेल्या माणसाने सांगितलं तर लोक ऐकतात. जुन्को ताबेई 1975 मध्ये एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या महिला. साठीच्या आसपास त्या पुन्हा विद्यापीठात गेल्या आणि त्यांनी एव्हरेस्टवरच्या कचऱ्याचा अभ्यास केला. शिखर नसतं तर त्यांचं कोण ऐकत होतं?

पायवाट: ताबेईंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एव्हरेस्टनंतर त्यांनी कंपन्यांचा पैसा टाळला. आणि बातमी होऊन काय होतं तेही बघा. 4 डिसेंबर 2009 ला नेपाळच्या मंत्रिमंडळाने याच विषयासाठी कालापत्थरला, 5,000 मीटरच्या वर, बैठक घेतली. जगभर फोटो छापून आले. नंतरच्या दशकात, 2011 ते 2020, हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगाने आटल्या.

दोरखंड: तो काय बैठकीचा दोष? थर्मामीटरने ताप उतरत नाही म्हणून फेकून देता का?

नोंदवही: थर्मामीटर तरी नेताहेत का, तेवढं विचारा ना बाईंना! जुन्या फोटोंच्या जागी उभं राहून तोच फोटो पुन्हा काढणं, काजळीच्या तपासणीसाठी बर्फाचे नमुने खाली आणणं, हे गिर्यारोहक करू शकतात. पण नमुना कसा घ्यायचा हे आधी संशोधकांकडून शिकावं लागतं, नाहीतर बाटलीभर पाणी घेऊन परत. (हे मी केलेलं आहे. हसू नका.) आवाहनात यातलं काही असेल तर माझे पैसे नक्की.

पायवाट: पुन्हा वाचलं. फोटोंचा उल्लेख आहे, पण ते माथ्यावरचेच.

दोरखंड: मग सुचवा की त्यांना. देणार नाही म्हणून धागा काढण्यापेक्षा सोपं होतं.