सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार): मांडीला व्यायाम की नुसतं चालणं?

उच्छ्वास: "सीओपीडीवाल्यांनी अर्धा तास चालावं, वजनांच्या वाटेला जाऊ नये, फुप्फुसच कामातून गेलं तर मांडी काय करणार?" ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. अहो, या आजारात मांडीच्या पुढच्या स्नायूतले चिवट, पहिल्या प्रकारचे तंतू घटतात आणि लवकर थकणारे वाढतात. मग थोड्या कामातच लॅक्टिक आम्ल साठतं, त्यातून होणारा जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास वाढतो. श्वासनळ्या अरुंद, त्यामुळे उच्छ्वास पुरा व्हायच्या आत पुढचा श्वास येतो आणि हवा छातीत कोंडते. म्हणजे धापेचा एक वाटा मांडीचाच! म्हणून मांडीला वजनाचा व्यायाम हवा: जेमतेम एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ६०–७० टक्के वजन, ८ ते १२ वेळा, आठवड्यातून २–३ दिवस. जोर लावताना श्वास सोडायचा.

दोन_पावलं: आणि ते कमाल वजन घरी मोजणार कोण, तुम्ही? चालायला फुकटची चप्पल पुरते.

उच्छ्वास: खुर्चीही फुकटच. हात छातीशी, उठबस १० वेळा, धापेला स्वतःच ० (अजिबात नाही) ते १० (सर्वांत जास्त) गुण द्यायचे, ते ४–६ असावेत. सोपं झालं की पाठपिशवीत १ किलो तांदूळ. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबा.

चुलीचा_धूर: तोही मेंदी-नेलपेंट लावलेल्या गार बोटावर नको. आणि प्रेडनिसोलोनचं, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्यांचं काय? त्या लांबल्या की मांड्या आणखी वाळतात, त्यावर कुणी धागा काढत नाही.

दोन_पावलं: फाटे फोडू नका. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं त्या चाचणीत अंतर वाढलं तर पुरे.

टेपवाला: कुठल्या बोळात? ३० मीटर सरळ जागा लागते. ३०० मीटर चालायला तिथे ९ वळणं, १० मीटरच्या बोळात २९. दर वळणाला वेग मरतो. आधी १० मध्ये, नंतर ३० मध्ये मोजून "सुधारणा" दाखवणारे पायलीला पन्नास.

दोन_पावलं: मग ट्रेडमिलवर घ्या!

टेपवाला: नाही चालत. पट्टा पाय ओढतो, लोक दांडी धरतात. शिवाय दुसऱ्या खेपेला सरावानेच अंतर वाढतं, म्हणून सुरुवातीलाच दोनदा घ्यायची आणि जास्तीचं धरायचं. फरक ३० मीटरच्या आसपास नसेल तर पेढे वाटू नका. शेजारी चालत गप्पा मारणंही बंद. वेग तुमचा होतो, पेशंटचा राहत नाही.

उच्छ्वास: धागा मांडीचा होता, टेपवाल्यांनी बोळात नेला.

दोन_पावलं: बरं, उठबस मान्य. चालणं सोडा असं मात्र कुणी म्हणू नये.

उच्छ्वास: कोण म्हणालं? सलग जमत नसेल तर ३० सेकंद जोरात, ३० सेकंद विश्रांती. हवा कमी कोंडते. तेही चालणंच आहे, महाराज.

टेपवाला: ३० मीटर मोजून?