नवा ससा येणार म्हणून जुनीचे चाळे, की वेगळंच काही?

दोन_कान
मादी, सात महिन्यांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही. रविवारी चार महिन्यांचा नर येतोय. त्याचा पिंजरा आणि त्यातलं कुरतडलेलं गोणपाट परवाच आणून ठेवलं. तेव्हापासून बाईसाहेब पिंजऱ्याच्या कोपऱ्याकोपऱ्याला हनुवटी घासतात, पायांभोवती घुर्रघुर्र करत गोल फिरतात. ट्रेची सवय असूनही दारात लेंड्या. आज सकाळपासून गवताच्या काड्या मिशांसारख्या तोंडात आडव्या धरून सोफ्यामागे पळते, छातीचे केस उपटते. चाहूल लागली का? दोघांना रविवारपासून एकत्र ठेवलं तर चालेल ना?

लसूणघास
चाहूल लागली ती त्या गोणपाटाची. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, त्यामुळे घासणं म्हणजे मालकीचा शिक्का. लेंड्यांचंही तेच. गोल फिरणं, घुर्रघुर्र म्हणजे ती माजावर आलीय.

गवत आणि केस मात्र वेगळं प्रकरण. ती घरटं करतेय. गेल्या महिनाभरात नराजवळ गेली होती का? सशाचा गाभणकाळ साधारण 31 दिवसांचा. गेली नसेल तर ही खोटी गर्भधारणा, म्हणजे पोटात पिल्लं नसताना शरीर गाभण असल्यासारखं वागतं. ती 16-18 दिवस चालते आणि घरटं शेवटी शेवटी होतं. म्हणजे सुरुवात गोणपाट यायच्या बरीच आधीची. तुमच्या पाहुण्याचा यात हात नाही.

केस छाती-पोटाचेच जातायत ना, ते बघा. मानेवर, पाठीवर कोंडा आणि टक्कल दिसलं तर ते माइट्स, म्हणजे कातडीवरचे बारीक किडे.

रविवारी एकत्र? अजिबात नाही. चार महिन्यांचा नर वयात आलेला असू शकतो आणि समागमाला काही सेकंद पुरतात.

तिरकेकान
आधी तो खरंच नर आहे का ते तपासा, दुकानात सर्रास चुकतं. या वयात वृषणं दिसायला हवीत, पण घाबरला की तो आत ओढून घेतो. शांत झाल्यावर बघा.

नराचं खच्चीकरण झालं तरी सहा आठवडे लांबच ठेवा, तोवर पिल्लं होऊ शकतात. मादीचंही ऑपरेशन करा, न केलेल्या माद्यांत वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर बराच आढळतो. सध्याची खोटी गर्भधारणा डॉक्टरांना सांगून तारीख ठरवा. ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं तर सशांचा अनुभव असलेला दुसरा डॉक्टर गाठा. सशाला उलटी होत नाही, उपासाने उलट आतडं मंदावतं. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडावाटे कधीच नको, आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जीवघेणे जुलाब लागतात.

नव्याला पहिले 14 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. मग पिंजरे शेजारी आणा, पण मध्ये 10 सेंटीमीटर अंतर सोडा. जाळी चिकटून असेल तर नाकाचा चावा ठरलेला. रोज ट्रे अदलाबदल करा, मेथी-कोथिंबीर दोघांना जाळीच्या जवळच्या बाजूला द्या.

ऑपरेशनं आणि ते सहा आठवडे उलटले की पहिली भेट बाथरूममध्ये, जिथे मादीचा वास नाही. खाली सतरंजी हवी, टाइलवर पाय सटकले की ससे बिथरतात. दहा मिनिटं पुरे. पाठीवर चढला तर थोडा वेळ चालेल, तोंडाच्या बाजूने चढला तर लगेच उतरवा, ती खालून चावते. कान मागे आणि शेपूट ताठ दिसली की भेट संपली. जाड हातमोजे घालूनच बसा.

दोन_कान
सोफ्यामागचा केसांचा ढीग उचलू का?

लसूणघास
नको, ती आणखी उपटेल. दोन-तीन दिवस तिकडे फिरकली नाही की काढा. तोवर गवत खाते ना, लेंड्या नेहमीसारख्या पडतात ना, एवढं बघा. बारा तास दोन्ही बंद असेल तर सकाळची वाट बघू नका.