गच्चीवरचं सूप

*रविवार सकाळ, सोसायटीचा ग्रुप*

कुलकर्णी काकू (बी-३०२): सुप्रभात. काल गच्चीवर सगळ्यांनी सूप घेतलं, आनंद आहे. पण ते माझ्या सासूबाईंचं सूप नव्हतं, एवढं इथे लिहून ठेवते. कॉर्नफ्लॉवर कुणी घातलं ते मी विचारत नाही.

भामरे (ए-१०४): काकू, गॅसपाशी मीच होतो 🙏 पातळ वाटलं म्हणून दोनच चमचे घातलं.

कुलकर्णी काकू: दोन चमच्यांत डाव उभा राहतो होय?

निकम (सी-४०३): थंडी निफाडची आणि सूप खळीचं. उरलं असेल तर ठेवा, २०२७ च्या कुंभमेळ्याची पोस्टरं चिकटवू 😂

जोशी काका (सी-१०१): माझे १५ लिटरचे पातेले झाकणासह अद्याप परत आलेले नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावे.

भामरे: रेसिपी कागदावर नीट दिली असती तर ही वेळ आली नसती.

कुलकर्णी काकू: दिली होती. परत लिहिते. ४० माणसांना टोमॅटो तीन किलो, दुधी दीड, लाल गाजर एक, मसूर डाळ पाव किलो. दाटपणा डाळीचा. डाळ आधी मऊ शिजवायची, टोमॅटो मागून. आंबट आधी पडलं की डाळ टणकच राहते. ती तशी राहिली, म्हणूनच तुम्हाला पातळ वाटलं. वरून तुपात जिरं आणि ठेचलेला लसूण. लसूण काळा पडला तर फोडणी टाकून द्यायची, सासूबाई तिथे कुणाचं ऐकायच्या नाहीत. मिरी उतरवताना.

भामरे: आणि गरमागरम मिक्सरला लावलं की झाकण उडतं, ते कागदावर नव्हतं. माझा हात भाजला.

सेक्रेटरी आहेर: टाकीच्या भिंतीवर अजून लाल डाग आहेत. रंगाचा खर्च कुठे टाकायचा ते मीटिंगमध्ये ठरवू.

जोशी काका: खर्चाचं निघालंच आहे तर, पिंपळगावहून २० किलोचं कॅरेट आणलं. वापरले तीन. बाकीचे १७ किलो?

सेक्रेटरी आहेर: लिफ्टपाशी ठेवले होते, ज्याला हवे त्याने नेले.

वाघ वहिनी (ए-३०१): आम्हाला दोन मिळाले. तेही पिचके.

जोशी काका: माझे १५ लिटरचे पातेले झाकणासह अद्याप परत आलेले नाही.

शाह भाभी (बी-१०३): सगळ्यांनी छान मेहनत घेतली 🙏 फक्त एक सांगू? आमच्या सूपमध्ये गाजर आलं होतं. मम्मीजींनी तसंच ठेवलं, उपाशी झोपल्या.

कुलकर्णी काकू: अगं बाई! तुमचं दुधी-टोमॅटोचं मी घरून छोट्या कुकरमध्ये वेगळं आणलं होतं, कांदा-लसूण-गाजर काही नाही. ते गेलं कुठे?

भामरे: हा मेसेज डिलीट केला आहे.

निकम: भामरे भाऊ, आता डिलीट करून काय उपयोग, सगळ्यांनी वाचलं 😂

भामरे: मोठ्यात कमी पडेल वाटलं म्हणून ओतलं. मग भाभींनी मागितलं, तेव्हा त्यातूनच दिलं. भाभी, माफ करा. खरंच लक्षात आलं नाही.

शाह भाभी: ठीक आहे भाईसाहेब.

वाघ वहिनी: नुसतं "ठीक आहे" म्हणजे भाभी चिडल्यात 😶

सेक्रेटरी आहेर: कृपया हा विषय इथेच थांबवावा. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

निकम: म्हणजे सूपाचं सूप वाजलं.

कुलकर्णी काकू: भाभी, संध्याकाळी मम्मीजींसाठी ताजं करून पाठवते, नव्या कुकरमध्ये. भामरे, तुम्हीही वाटी घेऊन या. डाळीचं दाट कसं होतं ते बघा. आणि हाताला काय लावलंय?

भामरे: टूथपेस्ट.

कुलकर्णी काकू: धुवा आधी ती!

निकम: जोशी काका, पातेलं सापडलं. वॉचमनच्या खोलीमागे, घासून पालथं घातलंय. झाकण गच्चीवर आहे, कुणीतरी त्यात कबुतरांना ज्वारी टाकलीये.

जोशी काका: माझ्या १५ लिटरच्या पातेल्याचे झाकण अद्याप परत आलेले नाही.