जोआना न्यूसमची एकच एलपी घ्यायची आहे, कुठली घेऊ? (बजेट ३० डॉलर)

कोथरूडची_मावशी:
नमस्कार मंडळी. माझी भाची १९ वर्षांची, गिटार वाजवते, स्वतःची गाणी करते, आणि गेले सहा महिने तिच्या तोंडी एकच नाव, जोआना न्यूसम, ती हार्प वाजवत गाणारी कॅलिफोर्नियाची बाई. दीर पुढच्या महिन्यात सान होजेहून येतोय, एक रेकॉर्ड आणतो म्हणालाय. मला यातलं ओ की ठो कळत नाही, माझी धाव आशाताईंपर्यंत. बजेट ३० डॉलर, वर नाही.

रात्रपाळी:
'ईस' (Ys) घ्या, डोळे मिटून. २००६ ची. गाणी फक्त पाच, पण मिळून पंचावन्न मिनिटं, त्यातलं एक तर जवळजवळ सतरा मिनिटांचं. आधी तिचा आवाज आणि हार्प स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केला, मग व्हॅन डाइक पार्क्सनी त्यावर ऑर्केस्ट्रा लिहिला, त्यामुळे अख्खा वाद्यवृंद तिच्या मागून चालतो, मुरलेला पेटीवाला गवयाच्या मागून जातो ना तसा. पहिलं गाणं 'एमिली', सख्ख्या बहिणीवर, ती बहीण खगोलशास्त्रज्ञ आणि मागे आवाजही तिचाच. बजेटचं काय घेऊन बसलात, भाची एकच आहे ना.

नळस्टॉप_९३:
वायएस मीपण मागवली होती मामाकडून. मामाने बॅगेत आडवी टाकली, वर दोन किलो बदाम आणि मुलांचे बूट, घरी आली तेव्हा आंबोळीसारखी वाकलेली. सुई नुसती वरखाली. दिराला सांगा उभी ठेव, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा आणि भोवती कपडे, आणि गाडीच्या डिकीत उन्हात सोडू नको. मामाशी अजून नीट बोलत नाही मी.

कान_आणि_डोळे:
वायएस नाही हो, 'ईस'. ब्रिटनीच्या दंतकथेतलं समुद्रात बुडालेलं शहर. फ्रान्समधलं ब्रिटनी, गायिका नव्हे. द्वारका समजा.

बे_एरियाकर:
मावशी, आम्ही तिच्या गावाला जाऊन आलोय. नेव्हाडा सिटी, नाव नेव्हाडा असलं तरी आहे कॅलिफोर्नियातच, सॅक्रामेंटोहून डोंगरात वर, जुन्या सोन्याच्या खाणींचं गाव. तिथल्या पाइनच्या झाडांखाली गाडी लावून तिचं ऐकलं की मग कळतं, बाकी पुण्यात बसून काय कळणार (हलके घ्या). माझं मत 'हॅव वन ऑन मी', २०१०. तीन रेकॉर्डचा डबा, १८ गाणी, दोन तास. त्याच्या आधी तिच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या, दोन महिने बोलणंसुद्धा बंद, त्यानंतरचा आवाज पिकलेला आहे. ३० मध्ये बसणार नाही पण इथे ३० डॉलर म्हणजे दोघांचा नाश्ता.

तिरकस_काका:
हौसेने घेतली होती तिची पहिली वाली. सौ. आतून विचारत आली की कोणाचं पोर रडतंय. तेव्हापासून आमच्याकडे फक्त भीमसेन.

रात्रपाळी:
काका, पहिल्यांदा सगळ्यांना तसंच वाटतं. 'ईस' ऐका.

मृण्मयी_पी:
मी स्वतः छोटी लिव्हर हार्प वाजवते, ३४ तारा, त्यामुळे थोडं बोलते. तिची ती मोठी पेडल हार्प, ४७ तारा आणि खाली सात पेडल, प्रत्येक पेडलला तीन घरं, कोमल-शुद्ध-तीव्र म्हणा ढोबळ. सी च्या तारा लाल, एफ च्या काळ्या, नाहीतर त्या जंगलात हात हरवतो. करंगळी वापरत नाहीत, आठच बोटं. तिने पश्चिम आफ्रिकेच्या कोरा या तंतुवाद्याकडून ते उलटसुलट लयींचं घेतलंय, उजवा हात तीनात आणि डावा चारात, आणि वर गाणं तिसऱ्याच वाटेने. मी दीड वर्ष तेवढंच करतेय. मागच्या जुलैत दमटपणाने माझ्या दोन तारा रात्री आपोआप तुटल्या, घरात बंदूक उडाल्यासारखा आवाज.
मुलगी गाणी लिहिते ना, मग तिची पहिली, 'द मिल्क-आइड मेंडर' द्या, २००४. छोटी गाणी आहेत, बरीचशी नुसता हार्प आणि आवाज, गाणं कसं बांधलंय ते उघडं दिसतं. याच्या आधी ती फिशर-प्राइसच्या खेळण्यातल्या टेपरेकॉर्डरवर घरी गाणी करायची, ती विल ओल्डहॅम या गायकाच्या कानावर गेली, त्याने दौऱ्यावर नेलं आणि शिकागोच्या ड्रॅग सिटीने रेकॉर्ड काढली. १९ वर्षांच्या पोरीला हेच कळायला हवं. बजेटातही बसेल.
आणि प्लेअर कुठला आहे? स्वस्तातला सुटकेसवाला असेल तर त्याचा सुईचा हात जड असतो, रेकॉर्ड खातो.

वाकाटक:
हार्प आपलीच आहे. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर बघा, मांडीवर वीणा आहे ती हार्पच. उगाच डॉलर घालवण्यापेक्षा मिरजेहून चांगलं स्वरमंडल आणा, किशोरीताई घेऊन बसायच्या तसं.

कान_आणि_डोळे:
वाकाटकराव, नाण्यावर धनुष्याच्या आकाराची वीणा आहे, मान्य. स्वरमंडल हार्प नाही पण, त्याच्या तारा पेटीवर आडव्या. आणि मिरज तंबोऱ्या-सतारींसाठी प्रसिद्ध.

वाकाटक:
मिरजेत सगळं मिळतं. आमची तीन पिढ्यांची ओळख आहे.

शेंगदाणा_चटणी:
+१ 'ईस'. आणि आडवी ठेवू नका. फक्त 'डायव्हर्स' घेऊ नका, २०१५ ची, मला पहिल्या बाजूच्या पुढे जाताच आलं नाही.

कांदेपोहे_लाइव्ह:
रेकॉर्ड कशाला, स्पॉटिफायवर मिळत नाही का?

मृण्मयी_पी:
तिने २०१५ मध्येच स्पॉटिफायवर जाहीर तोंडसुख घेतलंय, कलाकाराच्या हातात काही पडत नाही म्हणून. विकत घेतलेलंच बरं. पुन्हा विचारते, प्लेअर कुठला?

कोथरूडची_मावशी:
सर्वांचे मनापासून आभार. दिराने काल 'डायव्हर्स' घेतली. दुकानातून व्हिडिओ कॉल केला, चारही दाखवल्या, मला त्याचंच कव्हर आवडलं. दुकानदाराने सांगितलं की तो चित्रकार काचेच्या टाकीत डोंगर-झाडं मांडायचा, पाण्यात रंग सोडायचा आणि ढग झाले की फोटो काढायचा. ३६ पडले, वरचे सहा दिराने दिले, पुठ्ठा घालून उभी आणतोय.
मृण्मयीताई, प्लेअर नाहीये. ती टेबलावरच्या भिंतीला लावणार आहे.

रात्रपाळी:
😐

नळस्टॉप_९३:
भिंतीला लावताना तरी ऊन कुठून येतं ते बघा.

वाकाटक:
स्वरमंडलाचं काय ठरलं?